आंतरवासिता आणि दृष्टकर्मता : आपली चिकित्सालये व रसशाळा यांचा वाटा

आयुर्वेदाचार्य पदवीच्या अंतिम परीक्षेचा निकाल लागल्यानंतर विद्यार्थ्याच्या वाट्यास जे बारा महिने येतात त्यांस आपण आंतरवासिता म्हणतो. साडेचार वर्षे ग्रंथ, व्याख्याने, प्रात्यक्षिके व परीक्षा यांत घालविलेला हा विद्यार्थी या एका वर्षानंतर कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र चिकित्सक होतो. त्याच्या हातची औषधयोजना उद्या कोणी तपासणार नसते. म्हणून या वर्षात त्याने काय पाहिले आणि स्वतःच्या हाताने काय केले, हा प्रश्न केवळ महाविद्यालयांचा नाही. हे नवपदवीधर पुढे आपल्याच चिकित्सालयांत साहाय्यक म्हणून आणि आपल्याच रसशाळांत तांत्रिक अधिकारी म्हणून येतात. त्यांच्या उणिवा अखेर आपल्या रुग्णास आणि आपल्या औषधास भोवतात.

कोणाही ज्येष्ठ सभासदाने आपल्याकडे आलेल्या नवपदवीधरास दोन प्रश्न विचारून पाहावेत. वमनाचे प्रवर, मध्यम व अवर वेग किती, असे विचारले तर उत्तर तत्काळ मिळते. वमनाच्या आदल्या दिवशी रुग्णास काय जेवावयास सांगितले होते आणि त्याने प्रत्यक्षात काय खाल्ले, असे विचारले तर बहुधा शांतता पसरते. पहिले उत्तर ग्रंथात आहे. दुसरे मिळविण्यासाठी आदल्या दिवशी रुग्णाजवळ असावे लागते. प्रस्तुत लेखाचा विषय हे ‘जवळ असणे’ आहे.

दृष्टकर्मता म्हणजे काय?

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या खुड्डाकचतुष्पाद अध्यायात वैद्याचे जे चार गुण सांगितले, त्यांत शास्त्राच्या निर्मळ ज्ञानानंतर लगेच दृष्टकर्मतेचा उल्लेख येतो. दक्षता व शुचिता त्यानंतर येतात. आणि कर्म एकदा पाहून भागत नाही, ते पुष्कळ वेळा पाहिलेले असावे, अशी आचार्यांची अपेक्षा आहे. सुश्रुताचार्य याबाबतीत अधिक कठोर आहेत. केवळ शास्त्र जाणणारा रुग्णासमोर गोंधळतो आणि केवळ कर्म जाणणारा सज्जनांच्या सभेत मान्यता पावत नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. दोन्ही अंगे असणारासच ते चिकित्सेस पात्र मानतात. विशिखानुप्रवेशनीय अध्यायात तर व्यवसायात पाऊल टाकण्यापूर्वी शास्त्राचे अध्ययन, अर्थबोध, कर्मदर्शन आणि कर्माभ्यास या सर्व पायऱ्या पूर्ण झाल्या असल्या पाहिजेत आणि त्यावर राजाची अनुज्ञा मिळाली पाहिजे, असे सांगितले आहे. आजच्या भाषेत नोंदणी ही राजाची अनुज्ञा होय. ती सर्वांत शेवटी येते, हे ध्यानात घ्यावे.

आधुनिक वैद्यकीय शिक्षणशास्त्र वेगळ्या वाटेने याच ठिकाणी आले आहे. जॉर्ज मिलर या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९९० मध्ये वैद्यकीय कौशल्याच्या चार पायऱ्या मांडल्या : माहीत असणे, कसे करावयाचे हे माहीत असणे, करून दाखविता येणे आणि प्रत्यक्ष व्यवहारात करणे. आपल्या पदवी अभ्यासक्रमाच्या नव्या आराखड्यातही प्रत्येक विषयघटकापुढे या चार पायऱ्यांपैकी कोणती अपेक्षित आहे, याची नोंद असते. पहिल्या दोन पायऱ्या वर्गात चढता येतात, तिसरी प्रयोगशाळेत व महाविद्यालयीन रुग्णालयात. चौथीसाठी मात्र खरा रुग्ण, खरी भट्टी आणि खरी जबाबदारी लागते.

सध्याची व्यवस्था

१९७० च्या केंद्रीय कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेकडे अनेक दशके आपल्या शिक्षणाचे नियमन होते. २०२० च्या कायद्यानुसार तिची जागा राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने घेतली आणि २०२१ पासून आयोगाचे काम सुरू झाले. आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदवी अभ्यासक्रम प्रत्येकी अठरा महिन्यांच्या तीन टप्प्यांचा आहे व त्यानंतर बारा महिन्यांची आंतरवासिता आहे. ही आंतरवासिता पूर्ण वर्षभर महाविद्यालयाशी संलग्न रुग्णालयात करता येते, अथवा सहा महिने तेथे आणि उरलेले सहा महिने प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण वा जिल्हा रुग्णालय किंवा एनएबीएच मान्यताप्राप्त आयुर्वेद रुग्णालय अशा ठिकाणी करता येते. महाराष्ट्रात आंतरवासीयास या काळापुरती महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. कायम नोंदणी आंतरवासिता पूर्ण झाल्यावरच मिळते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्यासारख्या एकट्या वैद्याच्या चिकित्सालयास किंवा मध्यम आकाराच्या रसशाळेस या अधिकृत बारा महिन्यांत फारसे स्थान नाही. तरीही विद्यार्थी आपल्याकडे येतात. कोणी तिसऱ्या टप्प्यात असताना सुट्टीत येतो, कोणी सायंकाळच्या वेळात बसतो, कोणी आंतरवासिता संपल्यावर सहा महिने थांबतो. रसशास्त्र व द्रव्यगुण विषयांच्या शैक्षणिक भेटींच्या निमित्ताने संपूर्ण वर्गच रसशाळेत येतो. याखेरीज १९८८ मध्ये स्थापन झालेल्या नवी दिल्ली येथील राष्ट्रीय आयुर्वेद विद्यापीठाची गुरुशिष्य परंपरेवर आधारलेली एक वर्षाची योजना आहे. तीत पदवीधर शिष्य एखाद्या अनुभवी वैद्याकडे विद्यावेतनासह राहून शिकतो. हे सर्व मार्ग उपयुक्त आहेत. परंतु विद्यार्थी कोणत्याही मार्गाने आला, तरी त्याला काय द्यावयाचे याचा विचार आपण क्वचितच केलेला असतो. ‘बसा, पाहा, शिका’ एवढ्या तीन शब्दांत आपले अध्यापन आटोपते.

माझे मत असे की विद्यार्थ्याचे शिक्षण दिवसांनी मोजू नये, पूर्ण झालेल्या कर्मांनी मोजावे. चिकित्सालयात एक रुग्ण आरंभापासून शेवटपर्यंत आणि रसशाळेत एक घान कच्च्या द्रव्यापासून वेष्टनापर्यंत त्याने सलग पाहिला व जमेल तेवढा हाताळला, तर तीन महिन्यांच्या विस्कळीत उपस्थितीपेक्षा त्याचा लाभ अधिक होतो.

प्रथम योग्या

रुग्णास हात लावण्यापूर्वी निर्जीव वस्तूंवर हात बसवावा, हा सुश्रुताचार्यांचा दंडक आहे. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात त्यांनी प्रत्येक शस्त्रकर्मास वेगळे साधन योजले आहे. छेदनासाठी कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांसारखी फळे; भेदनासाठी पाण्याने वा चिखलाने भरलेली चामड्याची पिशवी; लेखनासाठी केसांसह ताणलेले चामडे; वेधनासाठी मृत पशूंच्या सिरा व कमळाचे देठ; एषणासाठी किडीने पोखरलेले लाकूड व बांबू; सीवनासाठी जाड-पातळ वस्त्रे आणि मऊ चामड्याच्या कडा; बंधनासाठी वस्त्राचा केलेला मनुष्याकृती पुतळा. बस्तीच्या अभ्यासासाठी बाजूस छिद्र असलेला पाण्याचा घट त्यांनी सुचविला आहे. या यादीतील मर्म असे की प्रत्येक साधन त्या त्या कर्माच्या अवघड जागेशी जुळणारे आहे. भेदनात खोली सांभाळावयाची असते, म्हणून आत द्रव असलेली पिशवी. एषणात वाकडी वाट शोधावयाची असते, म्हणून पोखरलेले लाकूड.

आपल्या चिकित्सालयात याचे अनुकरण अल्प खर्चात होते. बस्तियंत्र भरणे, त्यातील हवा काढणे, नेत्राचे किंवा रबरी नळीचे टोक स्निग्ध करणे, एकसारखा दाब देणे, थोडा द्रव शेष ठेवून थांबणे या सर्व गोष्टी विद्यार्थ्याने आधी पाण्यावर दहा वेळा कराव्यात. निरूहाचे द्रव्य योग्य क्रमाने घोटून एकजीव करणे हे तर रुग्णाशिवायच शिकण्याचे काम आहे; मध, सैंधव, स्नेह, कल्क व क्वाथ हा क्रम बिघडला की मिश्रण फाटते आणि विद्यार्थ्यास ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. शिरोधारेची धार किती उंचीवरून व किती जाडीची असावी, हे मातीच्या मडक्यावर शिकता येते. पहिला आठवडा असा गेला तर दुसऱ्या आठवड्यात रुग्ण निर्धास्त असतो आणि आपणही.

एक रुग्ण, आरंभापासून शेवटपर्यंत

महाराष्ट्रात वसंत ऋतूत वासंतिक वमनाची शिबिरे ठिकठिकाणी होतात. सेवाभावाने चालणारे हे कार्य स्तुत्य आहे, पण त्यात विद्यार्थ्यांचा वापर कसा होतो ते पाहावे. शिबिराच्या सकाळी पंधरा-वीस रुग्ण असतात व त्यांच्या मदतीस तेवढेच विद्यार्थी. विद्यार्थी रुग्णाची पाठ चोळतो, वेग मोजतो, भांडे बदलतो, नाडी व रक्तदाब लिहितो. दुपारी बारापर्यंत सारे आटोपते. त्याच्या नोंदवहीत ‘वमन : वीस’ असे लिहिले जाते. वस्तुतः त्याने वमन पाहिलेलेच नाही; त्याने वमनाचे प्रधानकर्म पाहिले.

वमनाचे संपूर्ण कर्म साधारण दोन ते तीन आठवड्यांचे असते. प्रथम दीपन-पाचन. मग तीन ते सात दिवसांचे आभ्यंतर स्नेहपान, ज्यात दररोज मात्रा वाढते आणि दररोज प्रश्न तोच असतो : कालचे तूप केव्हा पचले, भूक केव्हा लागली, मलास स्निग्धता आली काय, त्वचा मऊ झाली काय, तुपाचा कंटाळा येऊ लागला काय. सम्यक् स्निग्ध लक्षणे तिसऱ्या दिवशी दिसली की सातव्या, हे ठरविणे ही वैद्याची खरी परीक्षा. वेग मोजणे हे मोजणीचे काम आहे, स्नेहपान कोठे थांबवावयाचे हे निर्णयाचे काम आहे. त्यानंतर एक दिवस अभ्यंग-स्वेद व कफाचे उत्क्लेशन करणारा आहार, मग वमन, आणि पुढे शुद्धीच्या प्रमाणानुसार तीन, पाच किंवा सात दिवसांचा संसर्जन क्रम. वमन उत्तम होऊनही तिसऱ्या दिवशी घरच्या लग्नात जेवून आलेला रुग्ण आपण सर्वांनी पाहिला आहे. विद्यार्थ्याने तोही पाहावा.

तेव्हा शिबिराच्या आयोजकांना अशी सूचना करावीशी वाटते की प्रत्येक विद्यार्थ्यास वीस रुग्णांच्या पाठीऐवजी एका रुग्णाची जबाबदारी सोपवावी. दीपन-पाचनाच्या पहिल्या दिवसापासून पेयेच्या व शेवटी प्राकृत भोजनाच्या दिवसापर्यंत रोज सकाळी त्या रुग्णास भेटणे, प्रकृती, कोष्ठ व अग्नी यांची नोंद करणे, मात्रा किती असावी याविषयी आपले मत आधी लिहिणे आणि मग वैद्यांचा निर्णय त्यापुढे लिहून घेणे, हे त्याचे काम. दोन्ही स्तंभांत जेथे फरक पडतो तेथेच शिक्षण होते. वैद्यांस यात दररोज पाच मिनिटे अधिक द्यावी लागतात, त्याहून जास्त नाही.

हीच रीत दैनंदिन बाह्यरुग्ण सेवेतही लागू पडते. सायंकाळी चाळीस रुग्ण तपासणाऱ्या वैद्याशेजारी बसून विद्यार्थी औषधांची नावे तेवढी टिपून घेतो. काही दिवसांनी त्याच्याजवळ ‘गुरुजींचे योग’ या नावाची एक वही तयार होते, जिच्यात व्याधीपुढे कल्प असतो आणि मधले सर्व विचार गळालेले असतात. आमवातात काय द्यावयाचे हे त्यात सापडते. साम अवस्था संपली हे कशावरून ओळखले व योग त्याच दिवशी का बदलला, हे सापडत नाही. ही वही पुढे आयुष्यभर वापरली जाते, हे त्याहून वाईट. म्हणून चाळीसांपैकी तीन रुग्ण निवडावेत. या तिघांचा इतिहास विद्यार्थ्याने आधी घ्यावा, निदानपंचक मांडावे, आणि रुग्णाच्या प्रत्येक फेरीस त्यानेच प्रथम बोलावे. रुग्ण बरा झाला नाही तर कारण शोधण्यातही तो सहभागी असावा. अपयशी चिकित्सेची चर्चा विद्यार्थ्यासमोर टाळण्याची आपली सवय शिक्षणाच्या दृष्टीने फार हानिकारक आहे.

एक घान, कच्च्या द्रव्यापासून वेष्टनापर्यंत

आता रसशाळांकडे वळू. साठ किंवा शंभर विद्यार्थ्यांचा वर्ग बसमधून उतरतो, डोक्यावर टोप्या घालून एका दाराने आत येतो आणि अर्ध्या तासात दुसऱ्या दाराने बाहेर पडतो. मध्ये चहा, शेवटी नमुन्याची बाटली व समूहछायाचित्र. नियमांत आयुर्वेदीय औषधनिर्मितीसाठी किमान १२०० चौरस फुटांची आच्छादित जागा सांगितली आहे आणि अनेक लहान रसशाळा साधारण तेवढ्याच जागेत उभ्या आहेत. त्या जागेत साठ जणांना पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसणे शक्य नाही. मालकही घाईत असतो, कारण तेवढा वेळ काम बंद ठेवावे लागते.

याऐवजी चार विद्यार्थी घ्यावेत आणि त्यांना सलग दिवस न बोलावता घान जेव्हा कूस बदलतो त्या दिवशी बोलवावे. अरिष्टाचे उदाहरण घेऊ. पहिल्या दिवशी काष्ठौषधी तपासणे, भरड करणे, क्वाथ आटविणे, गूळ विरघळविणे, धायटीची फुले व प्रक्षेप घालून पात्र बंद करणे. काही दिवसांनी संधान ऐन भरात असताना पात्रास कान लावून आवाज ऐकणे आणि तोंडाशी नेलेली पेटती काडी विझते हे पाहणे. पुढे महिन्याच्या सुमारास आवाज थांबला, प्रक्षेप तळाशी बसला, काडी जळत राहिली, चुन्याची निवळी पांढरी झाली नाही, या परीक्षा एकत्र करून संधान पूर्ण झाल्याचा निर्णय घेणे. शेवटी गाळणे, मुरविणे, भरणे व नोंदपत्र पूर्ण करणे. विद्यार्थ्याचे एकूण चार-पाच दिवस जातात, पण महिनाभर त्याचे लक्ष त्या एका पात्राकडे राहते. थंडीत संधान का रेंगाळले, एखादे पात्र आंबट का झाले, हे प्रश्न तो स्वतःहून विचारू लागतो.

स्नेहपाकाचे शिक्षण तर भट्टीशेजारी उभे राहिल्याखेरीज होतच नाही. कल्क, स्नेह व द्रव यांचे एक, चार व सोळा हे प्रमाण सर्वांस पाठ असते. कल्काची वात वळते, अग्नीवर टाकल्यास तडतडत नाही, तेलावर फेस येतो आणि तुपावरील फेस शमतो, ही लक्षणेही परीक्षेत अचूक लिहिली जातात. पण मृदुपाक व मध्यमपाक यांच्यामधले अंतर मोठ्या कढईत फार थोड्या वेळात ओलांडले जाते आणि चूल बंद केल्यावरही तापलेल्या तेलात पाक पुढे सरकत राहतो. हे जाणून भट्टी थोडी आधी बंद करणारा वृद्ध कारागीर अनेक रसशाळांत आहे. त्याच्याजवळ पदवी नाही आणि त्याच्या नंतर हे ज्ञान कोणाकडे जाणार, याचा विचार मालकांनी केलेला नाही. विद्यार्थ्यास तीन घान त्या कारागिराच्या हाताखाली घालवू द्यावेत. चरकाचार्यांनी वनस्पतींची नावे व रूपे गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांच्याकडून जाणून घेण्यास सांगितले आहे, मात्र तेवढ्याने योगज्ञान होत नाही हेही बजावले आहे. कारागिराकडून हात आणि शास्त्रातून कारण, असे दोन्ही घ्यावे लागते.

कच्च्या द्रव्यांच्या कोठारात विद्यार्थ्याने पुरेसा वेळ काढावा असे मला विशेष वाटते. वनौषधी उद्यानात त्याने अशोकाचे झाड ओळखलेले असते, परंतु पोत्यात झाड नसते, साल असते. आणि उंच वाढणाऱ्या शोभेच्या खोट्या अशोकाची सालही त्याच नावाने बाजारात येते. नागकेशर मागितले तर खऱ्या नागचाफ्याच्या पुंकेसरांऐवजी सुरंगीच्या वाळलेल्या कळ्या तांबडे नागकेशर म्हणून मिळतात. कोकणात व गोव्यात ज्यांच्या वेण्या माळल्या जातात त्याच या सुरंगीच्या. काळे नागकेशर म्हणून दालचिनीच्या वर्गातील अपक्व फळे येतात, ती वेगळीच. वावडिंगाच्या नावाखाली ग्रंथोक्त विडंगाऐवजी त्याच कुळातील दुसऱ्या जातीची फळे आपल्या बाजारात सर्रास असतात. खऱ्याचा व बदली द्रव्याचा नमुना शेजारी शेजारी बरण्यांत ठेवून, मोडून, हुंगून, चाखून विद्यार्थ्याने ओळखावा. विषद्रव्ये अर्थात चाखावयाची नाहीत. असा बरण्यांचा एक फळीभर संग्रह प्रत्येक रसशाळेने केला तर तिच्या खरेदी विभागालाही त्याचा उपयोग होईल.

यात मालकांचा काय लाभ, असा व्यावहारिक प्रश्न रास्त आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील नियम १५७ प्रमाणे आयुर्वेदीय औषधांची निर्मिती पात्र, पूर्णवेळ तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावी लागते, आणि २००० मध्ये आलेल्या अनुसूची टीने जागा, स्वच्छता, गुणनियंत्रण व घाननिहाय नोंदी यांची शिस्त बंधनकारक केली. अशी व्यक्ती नेमताना आपण जाहिरात देतो, अर्ज येतात, पदवी असते. पण भट्टी पाहिलेला उमेदवार सापडत नाही. मग नोंदपत्रावर सही एकाची आणि पाकाचा निर्णय दुसऱ्याचा, अशी स्थिती निर्माण होते. तपासणीच्या वेळी किंवा घान बिघडल्यावर तिचा दोष उघड होतो. दरवर्षी चार विद्यार्थ्यांना नीट शिकविणाऱ्या रसशाळेस काही वर्षांत स्वतःचा माणूस निवडता येईल.

मर्यादा व पथ्ये

विद्यार्थ्याकडून काय करवून घेऊ नये, हेही निश्चित असावे. आंतरवासीयाने स्वतंत्रपणे औषधपत्र देऊ नये. त्याची सूचना वैद्यांच्या स्वाक्षरीनेच अमलात यावी. जो अद्याप आंतरवासीयही नाही, त्याने रुग्णावर कोणतेही कर्म वैद्यांच्या अनुपस्थितीत करू नये. शेजारी विद्यार्थी बसणार असल्याची कल्पना रुग्णास द्यावी आणि त्याने नकार दिल्यास विद्यार्थ्यास बाहेर पाठवावे. स्त्रीरुग्णांच्या बाबतीत हे पथ्य काटेकोर असावे. रसशाळेत भल्लातक व वत्सनाभ यांचे शोधन, पारद व गंधकाचे कल्प आणि कूपीपक्व रसायनाची भट्टी या ठिकाणी हातमोजे, मुखाच्छादन, डोळ्यांचे रक्षण व धूर बाहेर नेणारी व्यवस्था असल्याशिवाय विद्यार्थ्यास उभे करू नये. भल्लातकाच्या तेलाने अंगावर फोड येण्यास फार वेळ लागत नाही. घाननोंदपत्रावर विद्यार्थ्याची सही घेऊ नये. त्याची वेगळी वही असावी.

रसशाळांना गुप्त योगांची चिंता असते. ती अनाठायी नसली तरी तिचे प्रमाण वाढविलेले आहे. आसवारिष्टे, घृत-तैले, गुग्गुळकल्प, अवलेह यांपैकी जे ग्रंथोक्त आहेत ते गुप्त नाहीतच. विद्यार्थ्यास ग्रंथोक्त कल्पांच्याच घानावर ठेवावे, म्हणजे चिंता उरत नाही.

याच्या उलट बाजूचा दोषही सांगितला पाहिजे. सहा महिने विद्यार्थ्याकडून पुड्या बांधून घेणे, चाटण भरून घेणे, खजिन्यावर बसविणे आणि त्याला अनुभव म्हणणे हे शोषण आहे. पुड्या बांधणे शिकण्यास एक आठवडा पुरतो. जो विद्यार्थी आपले नियमित काम करून देतो, त्यास लहानसे का होईना, विद्यावेतन द्यावे.

शेवटी एका अप्रिय विषयाकडे वळणे भाग आहे. २०१७ पासून पदव्युत्तर प्रवेशासाठी देशपातळीवर एकच परीक्षा आहे. तिच्या तयारीसाठी अनेक आंतरवासीय शिकवणी वर्गाच्या गावी राहतात आणि महिन्याच्या अखेरीस नोंदवही घेऊन सहीसाठी येतात. आपल्यापैकीही काहीजण ओळखीपोटी, दयेपोटी किंवा पालक परिचित असल्यामुळे ‘अनुभव घेतला’ असे प्रमाणपत्र लिहून देतात. विद्यार्थ्याची अडचण खरी आहे. परीक्षा कठीण, जागा थोड्या. तरीही न आलेल्यास आल्याचे प्रमाणपत्र देणे म्हणजे पुढील वैद्यास, रसशाळेस आणि अज्ञात रुग्णास खोटी हमी देणे होय. २०२० च्या कायद्यात नोंदणीपूर्व राष्ट्रीय निर्गम परीक्षेची तरतूद आहे. तिने ज्ञान तपासले जाईल. स्नेहपानाच्या चौथ्या दिवशी विद्यार्थी रुग्णाजवळ होता की नाही, हे कोणत्याही लेखी परीक्षेने तपासता येणार नाही. ते फक्त आपण सांगू शकतो. म्हणून आपल्या संघटनेच्या सभासदांनी प्रमाणपत्रात कालावधीऐवजी पूर्ण केलेली कर्मे लिहावीत : कोणत्या रुग्णाचे कोणते कर्म आरंभापासून अखेरपर्यंत पाहिले, त्यांपैकी कोणते स्वहस्ते केले, कोणत्या कल्पाचा कोणता घान पाहिला. रुग्णाचे नाव नको, केवळ नोंदक्रमांक पुरे. ज्याने काही पूर्ण केले नाही त्याच्या प्रमाणपत्रात लिहिण्यासारखे काहीच राहणार नाही, आणि नकार देण्याचा संकोचही आपणास करावा लागणार नाही.

विद्यार्थी निरोप घेतो त्या दिवशी त्याची वही एकदा पूर्ण वाचावी आणि त्याच्या तीन रुग्णांपैकी एकाच्या पुढील फेरीची तारीख त्यास लिहून द्यावी. सहा आठवड्यांनी त्या दिवशी त्याला पुन्हा बोलवावे. शरद ऋतूत विरेचन झालेला रुग्ण हेमंतात कसा आहे, याची नोंद तो त्याच पानावर करील.